मार न खाणारा चेहरा

पिंजऱ्यातल्या मिश्र झुंजी, म्हणजे एमएमए, भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीचा प्रमुख डेना व्हाइट याच्याबद्दल वाकडा शब्द काढला की आपल्याकडचे एमएमएचे चाहते अंगावर धावून येतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस शिवराळ आहे, कबूल, पण पोटात एक आणि ओठांवर एक, असला प्रकार त्याच्याकडे नाही. मळमळ असेल ती तो तोंडावर ओकतो. क्रीडा संघटनांच्या खुर्च्या अडवून बसलेल्या, कडक इस्त्रीतल्या पुढाऱ्यांपेक्षा हा शतपट बरा. शिवाय खेळाडू येतात आणि जातात, लोकांच्या डोळ्यांसमोर राहील असा एक कायमचा चेहरा खेळाला लागतोच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, हा नसता तर यूएफसी कधीच बुडाली असती.

हेच सगळं मुष्टियुद्धाचा प्रमोटर डॉन किंग याच्याबद्दलही बोललं जायचं. उभे राहिलेले केस, झेंडे, हिरे, तोंडात 'ओन्ली इन अमेरिका'चा जप. लबाड आहे पण मजा आणतो, असं म्हणून लोक त्याला माफ करत आले. या युक्तिवादात थोडं खरं आहे म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. त्यातलं खरं काय आणि खोटं काय, ते एकदा वेगळं काढायला हवं.

'त्याने खेळ उभा केला' इथूनच सुरुवात करू. जानेवारी २००१ मध्ये यूएफसी २० लाख डॉलरना विकली गेली. विकत घेणारे होते लास व्हेगासच्या कॅसिनोवाल्या घराण्यातले लोरेन्झो आणि फ्रँक फर्टिटा हे भाऊ. व्हाइट लोरेन्झोचा शाळासोबती, तेव्हा टिटो ऑर्टिझ आणि चक लिडेल यांचा मॅनेजर. सौदा त्याने सुचवला, हे श्रेय त्याचंच. पण पुढची काही वर्षं कोट्यवधी डॉलरचा खड्डा भरला तो फर्टिटांनी, आणि त्यांचे पैसे कधी पत्रकार परिषदेत बोलत नाहीत.

दंतकथा अशी की त्याआधी हा खेळ म्हणजे निव्वळ राडा होता, व्हाइट आला आणि नियम आले. १९९६ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटलं होतं, राज्याराज्यांत बंदी येत होती, इथपर्यंत बरोबर. मात्र न्यू जर्सीच्या क्रीडा मंडळाने घालून दिलेल्या नियमांखाली यूएफसीचा अठ्ठाविसावा कार्यक्रम अटलांटिक सिटीत झाला तो नोव्हेंबर २००० मध्ये, म्हणजे सौद्याच्या आधी, जुन्या मालकांच्या अमदानीत. ते मालक कर्जात बुडाले होते आणि त्यांना बोलघेवडा माणूस मिळाला नाही, म्हणून इतिहासात त्यांची जागा तळटीपेइतकी. पुढे नेवाडात परवानगी मिळाली तेव्हाही लोरेन्झो फर्टिटा त्याच राज्याच्या क्रीडा आयोगावर काही काळ काढून आलेला होता, हे विसरून चालत नाही. खेळ उभा राहिला तो नियम करणाऱ्यांच्या, पैसे घालणाऱ्यांच्या आणि हाडं मोडून घेणाऱ्यांच्या जिवावर. बोलणारा त्यांच्यातला एक होता.

व्हाइटचं जे आहे ते मात्र त्याला द्यायला हवं. प्रेक्षकाला कुठली लढत हवी हे त्याला कळतं आणि ती तो लावतो. मेवेदर आणि पॅकियाव समोरासमोर यायला मुष्टियुद्धाच्या चाहत्यांना पाच-सहा वर्षं ताटकळावं लागलं. तितका अंत यूएफसीत सहसा पाहिला जात नाही. मे २०२० मध्ये सगळं जग दारं लावून बसलेलं असताना याने फ्लोरिडात रिकाम्या स्टेडियममध्ये लढती भरवल्या. ते शहाणपण होतं की आडदांडपणा यावर वाद घाला, चिवटपणा नाकारता येणार नाही.

पण आता त्या स्पष्टवक्तेपणाकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या एका केबल वाहिनीवर 'दि अल्टिमेट फायटर' सुरू झाला. होतकरू फायटर एका घरात कोंडलेले, आपसांत लढणार, जिंकेल त्याला यूएफसीचा करार. या कार्यक्रमानेच कंपनीला तारलं. पहिल्याच पर्वात पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली की आपण खरंखुरं लढणार, खरा मार खाणार, मग या लढतींचे पैसे किती? व्हाइट आला, सगळ्यांना उभं केलं आणि आईबहिणीवरून जाईल अशा भाषेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: तुम्हाला फायटर व्हायचंय की नाही? ते भाषण आजही चाहते प्रेरणा म्हणून एकमेकांना पाठवतात. मी ते अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी नजर समोर उभ्या असलेल्या पोरांच्या चेहऱ्यांवर जाते. प्रश्न साधा होता, पैशांचा होता, त्याचं उत्तर आकड्यात द्यायचं होतं. मिळाला तो मर्दानगीचा सवाल. मजुरी विचारणाऱ्याला 'तुझ्यात दम आहे का' असं विचारलं की तो ओशाळतो आणि मजुरीचा विषय तिथेच मिटतो. यात स्पष्टवक्तेपणा कुठे आला? ही तर जुनी मुकादमी झाली. त्याच पर्वात नेट क्वारी नावाचा एक फायटर होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

व्हाइट स्पष्ट बोलतो, मान्य. पण कशाबद्दल? अमक्याची लढत रटाळ झाली, तमका भेकड आहे, हा पंच गाढव, तो पत्रकार मूर्ख. दुसऱ्याच्या इभ्रतीबद्दल स्पष्ट बोलायला काही पडत नाही. फायटरांना मिळकतीचा किती वाटा मिळतो, असं विचारलं की याच माणसाला एकाएकी खासगीपणाचा पुळका येतो: ते आमचं आणि फायटरचं, लोकांना काय करायचंय? आणि जे ठामपणे बोलतो त्याचं तरी काय होतं? २०११ मध्ये कॅमेऱ्यासमोर याने सांगितलं की यूएफसीत बायका कधीच लढणार नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये राँडा राउझी त्याच पिंजऱ्यात कार्यक्रमाची मुख्य लढत लढली. मत बदललं याबद्दल तक्रार नाही, चांगलंच बदललं. पण 'कधीच'मध्येही तोच ठणठणाट होता आणि स्वागतातही तोच. बॉब अ‍ॅरम या बुजुर्ग प्रमोटरला एकदा त्याच्याच दोन दिवसांतल्या दोन विधानांमधली विसंगती कुणी दाखवली, तेव्हा तो म्हणाला होता की काल मी खोटं बोलत होतो, आज खरं बोलतोय. या धंद्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य बहुधा तेच असावं.

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत निदान हुलगे बोलणाऱ्याचे स्वतःचे असतात.

तर मग हिशोबाकडे. डिसेंबर २०१४ मध्ये कंग ले, जॉन फिच आणि तोच नेट क्वारी या फायटरांनी यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला. आरोप असा की प्रतिस्पर्धी कंपन्या गिळून आणि फायटरांना लांबलचक एकतर्फी करारांत अडकवून कंपनीने मजुरीचा भाव पाडला. प्राइड २००७ मध्ये घेतली होती, स्ट्राइकफोर्स २०११ मध्ये. 'परवडत नसेल तर दुसरीकडे जा' म्हणायचं, आणि ते 'दुसरीकडे' आधीच विकत घेऊन ठेवायचं. जे आकडे व्हाइटच्या तोंडून कधी निघाले नव्हते ते या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. कंपनीच्या मिळकतीतला फायटरांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एनबीएत तोच वाटा निम्म्याच्या आसपास असतो, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे.

फिचची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००८ मध्ये व्हिडिओ गेमसाठी आपला चेहरा कायमचा कंपनीला लिहून द्या, असा कागद फायटरांपुढे आला. फिचने सही करायला नकार दिला. तीनच महिन्यांपूर्वी तो विजेतेपदासाठी लढला होता, तरी त्याला काढून टाकलं. एका दिवसात तडजोड झाली, सही झाली, तो परत आला. चेहऱ्यांचा व्यवहार असा चालतो: फायटरने आपला चेहरा लिहून द्यायचा आणि खेळाचा चेहरा म्हणून मिरवायचं प्रमोटरने. २०१५ मध्ये रीबॉकचा गणवेश आला आणि फायटरांना स्वतःच्या पुरस्कर्त्यांची नावं चड्डीवर लावायलाही बंदी झाली. बदल्यात नवख्याला लढतीमागे अडीच हजार डॉलर, विजेत्याला चाळीस हजार. पुढच्याच वर्षी कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली.

दावा दहा वर्षं चालला. २०२४ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीश रिचर्ड बूलवेअर यांनी अपुरी म्हणून फेटाळली. मग रक्कम ३७.५ कोटींवर गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. दहा वर्षांत पत्रकार परिषदा शेकड्याने झाल्या असतील. त्यांतून जे कळलं नाही ते वकिलांच्या कंटाळवाण्या कागदांतून कळलं.

याला कुणी म्हणेल, हा धंद्याचा दोष आहे, तोंडाळपणाचा नव्हे. शांत स्वभावाचा मालकही हेच करेल. करेल की. पण शांत मालकाला लोक मालक म्हणून ओळखतात आणि त्याच्याकडे मालक म्हणूनच बोट दाखवतात. बोलका प्रमोटर स्वतःला चाहत्यांपैकीच एक म्हणून उभा करतो. तो आपल्यासारखाच चिडतो, आपल्यासारखाच शिव्या घालतो, रटाळ लढतीत उठून निघून जातो. हळूहळू चाहता त्याच्या बाजूने विचार करू लागतो आणि फायटरने पैसे मागितले की चाहत्यालाच ते कृतघ्नपणाचं वाटायला लागतं. सगळ्या व्यवहारातली ही सगळ्यात मोठी कमाई आहे. ती कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

डॉन किंगने हे फार आधी साधलं होतं. १९७४ मध्ये किन्शासाला अली आणि फोरमनला प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळवून देणारा हाच. काळ्या मुष्टियोद्ध्यांना तो सांगायचा की मी तुमच्यातला आहे, गोऱ्यांनी तुम्हाला लुटलं, माझ्याकडे या. आणि मग? ऑक्टोबर १९८० मध्ये लास व्हेगासला लॅरी होम्सने थकलेल्या अलीला दहा फेऱ्या झोडपलं, अखेर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. किंगने अलीला ८० लाख कबूल केले होते, हातात आले ते अकरा लाखांहून अधिक कमी. अलीने दावा लावला. तेव्हा किंगने जेरेमाया शबाझ या अलीच्या जुन्या विश्वासातल्या धर्मगुरूला बोलावलं, ५० हजार डॉलर रोख भरलेली सूटकेस आणि एक कागद त्याच्या हाती दिला आणि त्याला लॉस एंजेलिसला रुग्णालयात असलेल्या अलीकडे धाडलं. अलीने सही केली. दावा संपला. वकिलाला हे नंतर कळलं.

'लबाड आहे पण मजा आणतो' म्हणणाऱ्यांनी ती सूटकेस डोळ्यांसमोर आणावी. किंगवर पुढे टिम विदरस्पून या मुष्टियोद्ध्याने दावा लावला. त्याचा प्रमोटर किंग आणि मॅनेजर किंगचा सावत्र मुलगा, म्हणजे दोन्ही बाजूंनी भाव ठरवणारं घर एकच. माइक टायसननेही लावला, १० कोटी डॉलरचा, आणि १ कोटी ४० लाखांवर मिटवला. दरम्यान किंग मात्र टीव्हीवर हसत होता.

या सगळ्यातून २००० मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला, अलीच्याच नावाचा. प्रमोटर आणि मॅनेजर एकाच घरचे असता कामा नयेत. लढतीतून प्रमोटरला काय मिळणार हे त्याने मुष्टियोद्ध्याला सांगितलंच पाहिजे. क्रमवारी मनमानी असू नये. कायदा आणण्यात पुढाकार कुणाचा? कोंबडझुंज म्हणणाऱ्या त्याच मॅकेन यांचा. कायदा फक्त मुष्टियुद्धाला लागू झाला, एमएमए बाहेर राहिलं. ते आत यावं म्हणून मार्कवेन मलिन या, स्वतः पिंजऱ्यात लढलेल्या खासदाराने २०१६ मध्ये विधेयक आणलं. यूएफसीने विरोध केला. एरवी सगळं तोंडावर सांगणाऱ्यांना एवढंच लढतीआधी तोंडावर सांगायचं नव्हतं.

हा कायदा काही रामबाण नाही, मुष्टियुद्धात आजही लबाडी चालते. पण फरक किती पडतो ते फ्लॉइड मेवेदरकडे पाहा. २००६ मध्ये त्याने साडेसात लाख डॉलर भरून अ‍ॅरमच्या करारातून स्वतःला सोडवून घेतलं आणि पुढे प्रमोटरांना कामावर ठेवलं. २०१५ मध्ये पॅकियावशी लढला तेव्हा त्याची कमाई वीस कोटी डॉलरच्या पुढे गेली. मेवेदर मला माणूस म्हणून मुळीच आवडत नाही. पण त्या लढतीच्या रात्री खेळाचा चेहरा लढणाऱ्याचा होता आणि पैसाही त्याच्याकडे गेला, या दोन गोष्टी एकमेकींना सोडून नाहीत.

याच्या शेजारी फ्रान्सिस एन्गानूला उभा करा. कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळू उपसणारा पोर यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये दुखावलेल्या गुडघ्यानिशी त्याने सिरिल गानविरुद्ध पट्टा राखला. जाहीर मानधन सहा लाख डॉलर. निकालानंतर विजेत्याच्या कमरेला पट्टा बांधायला व्हाइट स्वतः पिंजऱ्यात जातो, ही रीतच. त्या रात्री तो गेलाच नाही. मिक मेनार्ड या कंपनीच्या माणसाने पट्टा बांधला. एन्गानू करार वाढवत नव्हता, फायटरांना आरोग्यविमा हवा म्हणत होता, एवढा त्याचा गुन्हा. वर्षभराने तो बाहेर पडला तेव्हा व्हाइटने सांगून टाकलं की याला हलके प्रतिस्पर्धी आणि जास्त पैसे हवेत. दहाच महिन्यांनी रियाधमध्ये एन्गानू आयुष्यातली पहिली व्यावसायिक मुष्टियुद्ध लढत हेवीवेट जगज्जेत्या टायसन फ्यूरीशी लढला, तिसऱ्या फेरीत त्याला खाली पाडलं आणि पंचांच्या विभागलेल्या निकालाने हरला. फ्यूरी हलका प्रतिस्पर्धी असेल, तर जड कोण ते सांगा.

आता 'कायमचा चेहरा हवा' हा मुद्दा. प्रमोटरचा चेहरा कायमचा का असतो? कारण तो कधी हरत नाही. त्याचा जबडा मोडत नाही, वय झालं म्हणून त्याला खालच्या लढतींवर ढकललं जात नाही. चुकला तरी त्याला कुणी निलंबित करत नाही, हेही आपण पाहिलं. २०२२ च्या शेवटच्या रात्री मेक्सिकोत नवराबायकोची झटापट झाली, बायकोने चापट मारली, व्हाइटने उलट मारली, चित्रफीत जगाने पाहिली. बाईवर हात टाकणाऱ्याला परतीची वाट नाही, असं हाच माणूस काही वर्षांपूर्वी बोलून गेला होता. या वेळी म्हणाला की माझ्याकडे सबब नाही, पण मी महिनाभर घरी बसलो तर नुकसान कंपनीचं आणि फायटरांचं होईल. म्हणजे शिक्षा चुकवायलाही फायटरच पुढे! त्याच जानेवारीत त्याचा थोबाडीत मारण्याच्या स्पर्धांचा नवा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला. पुढे ढकलला तो जेमतेम एक आठवडा.

आपल्या मैदानी कुस्तीची इथे आठवण येते ती एका कागदामुळे. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडच्या जत्रेच्या कुस्त्यांची जाहिरात पाहा. एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती, पैलवानाचं नाव, तालीम, आणि समोर इनामाचा आकडा, कुणी दिलं त्याच्या नावासकट. मैदानात तोच आकडा भोंग्यावरून पुकारला जातो. शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं की ही कुस्ती कितीची. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. हल्ली फ्लेक्सवर पैलवानापेक्षा सौजन्यवाल्या पुढाऱ्याचं थोबाड मोठं असतं आणि वर्षभराचा खुराक त्या इनामात भागत नाही. पण आकडा छापील असतो. ज्या कंपनीची २०२४ ची मिळकत सुमारे १४० कोटी डॉलर होती, तिला गावच्या यात्रा कमिटीइतकं करायला काय हरकत आहे?

हे सगळं आता उगाळायचं कारण म्हणजे हा चेहरा मुष्टियुद्धात शिरला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लास व्हेगासला कनेलो आणि क्रॉफर्ड यांची लढत सौदीच्या तुर्की अलालशेख या अधिकाऱ्याबरोबर व्हाइटने भरवली. यूएफसीची मालक कंपनी टीकेओ हिने मुष्टियुद्धात स्वतःची संघटना काढली आहे. आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहात एक विधेयक आलं, टीकेओच्या पाठिंब्याने. लढती भरवणं, क्रमवारी लावणं आणि पट्टे देणं हे सगळं एकाच छपराखाली करणाऱ्या नव्या संघटनांना त्यात मोकळीक आहे. म्हणजे जुन्या कायद्याने मुद्दाम वेगळ्या काढलेल्या गोष्टी पुन्हा एकत्र बांधायच्या. विधेयकाला नाव दिलंय तेही मुहम्मद अलीचंच.

समर्थक म्हणतात, त्यात किमान मानधन आहे, विमा आहे, मुष्टियोद्ध्याला जुनी वाटही खुली आहे. किमान मानधन आणि विमा चांगलेच, ते जुन्याच कायद्यात घाला की. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही. आणि खुली वाट किती दिवस खुली राहते, हे स्ट्राइकफोर्सच्या फायटरांना विचारावं. यावर व्हाइटचं उत्तर ठरलेलं आहे: मुष्टियुद्ध मोडलंय, मी ते दुरुस्त करतो. मोठ्या आवाजात येईल, शिवीसकट येईल आणि टाळ्याही पडतील. मुष्टियोद्ध्यांच्या संघटना आणि अमेरिकी खासदार यांनी त्यावर विचारावं ते एवढंच: लढतीतून तुम्हाला काय मिळणार हे मुष्टियोद्ध्याला आधी सांगण्याचं कलम तुमच्या संघटनेला जसंच्या तसं लागू राहणार की नाही? उत्तर हो किंवा नाही असं, लेखी आणि सहीनिशी घ्यावं.